बोट सुटेना

जपानच्या किनाऱ्याने जाणारी दोन डब्यांची गाडी मला त्या बंदरगावात सोडून गेली, तेव्हा बर्फ आडवं येत होतं. फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी त्सुकुबाहून निघताना ऊन होतं आणि मी साधे बूट घालून आले होते.

समोरच्या बेटावर माएदा-सान अंथरुणाला खिळल्या होत्या. त्सुकुबात त्या आमच्या शेजारी राहायच्या. इराच्या जन्माच्या वेळी आईला पुण्याहून येता आलं नाही, तेव्हा माझं बाळंतपण त्यांनीच केलं. पुढे त्या माहेरच्या बेटावर परतल्या. "आई तुमची आठवण काढतेय, लवकर या," असा त्यांच्या मुलीचा, युकोचा फोन आला आणि इराला नवऱ्यावर सोपवून मी निघाले.

धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत पाटी होती : केक्को (फेरी रद्द).

मिन्शुकु (घरगुती मुक्कामाची जागा) चालवणाऱ्या कुदो-सान सत्तरीच्या होत्या. त्यांनी कॉड माशाचा वाफाळता रस्सा वाढला. जेवताना बाहेर ढग गडगडले. "या दिवसांत गडगडलं की आणखी बर्फ पडतं," त्या म्हणाल्या.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशीही केक्को. परतताना मी निसरड्यावर आपटले आणि मनगट सुजलं. कुदो-साननी ते बांधून दिलं, मग स्वयंपाकघराची खिडकी उघडून बराच वेळ बाहेर पाहिलं.

"डोंगराचं टोक मोकळं झालंय. वारा पडेल. उद्या तुम्ही जाल."

टीव्हीवरही उद्या ऊब वाढणार असं सांगत होते. मी बॅग भरून ठेवली.

सकाळी खरंच ऊन पडलं. वळचणीचं बर्फ वितळून ठिबकत होतं. टीव्हीवरची मुलगी हसत सांगत होती, हारु-इचिबान (वसंताचा पहिला जोराचा वारा) आला. मी धावत धक्क्यावर गेले. निळ्याशार आकाशाखाली लाटा बंधाऱ्यावरून पलीकडे कोसळत होत्या.

तिथेच युकोचा फोन आला. "आईच्या कानाशी धरते. बोला."

मला जपानी शब्द सुचेनात. "माएदा-सान, मी इथेच आहे हो, समोरच आहे," असं मराठीतच बोलत राहिले. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. दुपारी त्या गेल्या.

"माझा अंदाज चुकला. माफ करा," कुदो-सान मान खाली घालून म्हणाल्या.

"तुमचा काय दोष?" मी म्हणाले. कुणाचा तरी असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत होता. बेटावर दहनाची सोय नाही, त्यामुळे पहिल्याच फेरीने माएदा-सानना इकडे आणलं. चार माणसांनी पेटी उतरवली. युको माझ्याजवळ आली आणि आम्ही दोघी एकमेकींसमोर वाकलो. पेटीच्या झरोक्यातून मला त्यांचा चेहरा दिसला. केस कुणीतरी नीट विंचरले होते.

परतीच्या गाडीत वाटलं, माणसं आकाशाकडे बघून सांगतात ते धीर द्यायला. मी तो दिलेला शब्द म्हणून धरला आणि बॅग भरली, पण त्या संध्याकाळीच फोन करून बोलून घेतलं नाही. तेव्हा त्या उत्तर देऊ शकत होत्या.

घरी इराने दार उघडलं. "ओबाआचान (आजी) भेटली?" तिने जपानीत विचारलं.

"भेटली."

"काय म्हणाली?"

मी वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिले.