तांडेलचं टेबल

"मॅडम, कॉम्प्युटरने एकदा सांगितलं की तांडेलपासूनच पसरलं, की युनियन गप्प बसेल," साळवी म्हणाले.

साळवी डोंबिवलीच्या एका कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. उत्तर आधी ठरवून त्यांनी मला बोलावलेलं. तिथेच मला खटकलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्यात एअर-कंडिशनिंगची डिझाइनं करायचे. बंद खोलीत हवा कशी फिरते, ते काढणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात, एकाच एसी हॉलमध्ये, तीन ड्राफ्ट्समनना टीबी झालेला. पहिला सापडला तो कळव्याच्या कोळीवाड्यातला तांडेल. औषधोपचारानंतर डॉक्टरांनी त्याला कामावर जायला सांगितलं होतं. तरी कंपनी त्याला आत घेईना, म्हणून युनियन भांडत होती.

प्रोग्रॅम काय करतो, ते सांगते. खोलीचे मनातल्या मनात छोटे छोटे डबे पाडायचे. प्रत्येक डब्यातून हवा कुठे आणि किती वेगाने जाते, ते कॉम्प्युटर काढतो. मग एका माणसाच्या तोंडापुढे खोकल्याचे हजारो थेंब सोडायचे. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब हवेतच सुकतात आणि उरलेला कण तासन्‌तास तरंगत राहतो. टीबी पसरतो तो याच कणांतून.

चीफ ड्राफ्ट्समन दामल्यांनी हॉलचा प्लॅन दिला. त्यात तांडेलचं टेबल मधोमध, एसीच्या झोताखाली. माझा पीसी रात्रभर चालला. तांडेलचे कण बाकी दोघांच्या टेबलांवर थेट पोचलेले. साळवींना हवं होतं अगदी तेच. इतकं सोयीचं उत्तर बघून माझा विश्वास बसेना.

मी न कळवता हॉलमध्ये गेले. तांडेलच्या टेबलाखालचं, जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम नव्यासारखं कोरं होतं, खुर्ची घासल्याची खूणसुद्धा नाही. आणि कोपऱ्यात, एक्झॉस्ट फॅनखाली, रिकाम्या जागेवर टेबलाच्या पायांचे खोल खड्डे.

"हे टेबल हलवलंय का?"

सगळ्यांच्या माना ड्रॉइंग बोर्डात. दामले खोकले आणि म्हणाले, "नाही हो, पहिल्यापासून इथेच आहे."

तिथून मी कळव्याला गेले. दारात तांडेलची बायको आडवी उभी राहिली. "कंपनीतून आलात? अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तांडेल आतून म्हणाला, "अगं, येऊ दे त्यांना." मी टेबलाचं विचारलं. "मी कोपऱ्यात बसायचो, मॅडम. फॅनच्या आवाजाने डोकं उठायचं. का?"

मी टेबल कोपऱ्यात धरून प्रोग्रॅम परत चालवला. तांडेलचे बहुतेक कण फॅनमधून बाहेर. मग एकेका खुर्चीवरून थेंब सोडून बघितले. जिथून कण तिन्ही आजाऱ्यांपर्यंत पोचतात अशी खुर्ची एकच निघाली. दामल्यांची.

साळवींबरोबरच्या मीटिंगमध्ये मी ते नाव घेतलं नाही. कण कुठून कुठे जाऊ शकतात, एवढंच प्रोग्रॅम सांगतो. कोण आजारी आहे ते त्याला कळत नाही. मी म्हटलं, "तांडेलवर काही सिद्ध होत नाही. हॉलमधल्या सगळ्यांचे एक्स-रे काढा."

"सगळ्यांचे? दामल्यांचाही?" साळवींचा आवाज चढला.

"तुमचाही. तुम्ही रोज तिथे जाता. आणि टेबल कोणी हलवलं, ते युनियनसमोर विचारू का?"

साळवींनी एक्स-रेच्या कागदावर सही केली. एक्स-रे निघाले. दामल्यांच्या फुप्फुसात जुना टीबी सापडला.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते नजर चुकवत होते. "तंबाखूचा खोकला समजत होतो. साळवी म्हणाले टेबल हलवा, मी हलवलं. आपल्यावर येऊ नये असं वाटलं." मग हळूच विचारलं, "माझ्यापासूनच झालं का हो सगळ्यांना?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही," मी म्हटलं. ते खरंही होतं.

तांडेल कामावर परत लागला. मला त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. मात्र तेव्हापासून क्लायंटने दिलेल्या प्लॅनवर विसंबून मी काम केलं नाही. कॉम्प्युटरला जी खोली सांगाल, तिचंच उत्तर तो देतो. ती खोली खरोखर तशी आहे का, हे आपणच जाऊन टेपने मोजायचं.