स्मरणिकेतले मराठी उद्योजक

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाला एका वर्षी अचानक उद्योजकांचा पुळका आला. सेक्टर दहामधलं हे मंडळ लहानसंच होतं, पुढे बंदही पडलं, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. कार्यकारिणीतले सगळेच्या सगळे स्टील प्लांटात नोकरीला. कोणी अकाउंट्समध्ये, कोणी पर्सोनेलमध्ये, कोणी रोलिंग मिलच्या ऑफिसात. यांच्यापैकी एकानेही उभ्या आयुष्यात कोणाला चार आण्यांची वस्तू विकली नव्हती. पण भोपाळहून उद्योग खात्यातले कोणी मोठे साहेब कार्यक्रमाला यायला तयार झाले, आणि त्यांच्यापुढे काहीतरी मांडायला हवं म्हणून विषय ठरला, ‘भिलाईच्या विकासात मराठी उद्योजकांचे योगदान’.

त्यावर स्मरणिका काढायची होती. मुख्य लेख आणि उद्योजकांचे परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक तर वडील मंडळाचे सेक्रेटरी होते. दुसरं म्हणजे आमच्या वयाच्या पोरांमध्ये मराठीत दोन पानं सलग लिहू शकणारा मी एकटाच होतो. बाकीचे घरात मराठी बोलत आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वतःला मोठा लेखक समजत होतो.

योगदान किती होतं ते आधीच सांगून टाकतो. प्लांट उभा राहिला तसे देशभरातून लोक आले आणि ज्याला जे जमलं ते त्यानं सुरू केलं. कापडाची दुकानं सिंध्यांची, ट्रान्सपोर्ट आणि फर्निचर पंजाब्यांचं, इडली-डोशाची हॉटेलं दक्षिणेकडच्यांची. पॉवर हाउस भागातला सगळा बाजार या लोकांनी वाढवला. आमचे लोकही त्याच वेळी आले होते, नागपूर-भंडारा तर गाडीनं काही तासांवर. त्यांनी काय केलं? नोकरी केली आणि क्वार्टरसमोर गुलाब लावले. परमनंट झालं की त्यांना मोक्ष मिळाल्यासारखं वाटायचं. ‘धंदा’ हा शब्द आमच्या घरात जरा आवाज खाली करून उच्चारला जायचा. मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न, ‘मुलगा प्लांटात आहे ना?’ दुकान आहे असं कळलं तर ‘अच्छा, अच्छा’ म्हणत पोहे भराभर आटोपायचे.

तर अशा समाजातले उद्योजक शोधत मी महिनाभर सायकल हाणली. सापडले कोण? एक विमा एजंट. एक गणिताच्या शिकवण्या घेणारे सर, ज्यांना उद्योजक म्हटल्यावर राग आला. एक साहेब, ज्यांची ‘फर्म’ बायकोच्या नावावर होती आणि बायकोला त्या फर्मचं नाव सांगता आलं नाही. या तिघांवर मी प्रत्येकी अर्धं पान लिहिलं, तेही मारूनमुटकून.

खरा धंदा करणारी एकच व्यक्ती मला माहीत होती, आणि ती सगळ्यांनाच माहीत होती. कॅम्प-१ या मजुरांच्या वस्तीत राहणारी एक बाई. भंडाऱ्याजवळच्या साकोलीकडच्या शेतकरी घरातली. नवरा ठेकेदाराकडे मजुरीला होता, दमा झाल्यावर घरी बसला. तेव्हापासून ही प्लांटच्या गेटजवळ गुमटीवर, म्हणजे टपरीवर, पोहे-तर्री आणि आलूगुंडे, म्हणजे आमच्याकडचे बटाटेवडे, विकायची. फर्स्ट शिफ्टचे लोक तिच्याकडे खाऊन आत जायचे. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

तिचा दुसरा धंदा दिवाळीचा. त्याच्याबद्दल आमच्या सेक्टरात कोणी बोलत नसे. दिवाळीच्या आधी ती क्वार्टरांच्या मागच्या दारानं डबे पोचवायची. चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे. पुढच्या दारानं येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलं जायचं, ‘सगळं घरीच केलं हो, विकतचं आम्हाला चालत नाही.’ कोणाला संशय येऊ नये म्हणून एका घरी चकलीत तीळ, दुसऱ्या घरी ओवा, तिसऱ्या घरी चिवड्यात मनुका, अशी प्रत्येकीची वेगळी फर्माईश असे. मग या बायका एकमेकींकडे फराळाला जात, एकाच हातचं खात, आणि ‘तुमच्या हाताला काय चव आहे!’ म्हणत. माझी आईही त्यातच. आमचा ओवा होता.

मी मावशीकडे गेलो तेव्हा दुपार होती. ती दाराशी बसून चण्याची डाळ पाखडत होती.

“कावून रे बाबू? आईले काही पाह्यजे का? दिवाळीले तं वेळ हाये आजून.”

“नाही मावशी, तुमच्यावर लिहायचंय. मंडळाच्या पुस्तकात छापणार आहेत.”

“माह्यावर?” ती हसली. “मी का मिनिस्टर हाओ?”

मग मी सगळं समजावून सांगितलं, आणि तिचं हसू थांबलं. सूप बाजूला ठेवून ती जवळ सरकून बसली. गेटजवळची गुमटी अतिक्रमणवाल्यांनी दोनदा उचलून नेली होती. सेक्टरात नवं मार्केट होत होतं आणि त्यात दोन दुकानं स्वतःचा धंदा करणाऱ्या बायांसाठी राखून ठेवली होती. तिनं अर्ज भरला होता.

“तिथल्या ऑफिसातला बाबू म्हणते, किसी संस्था का लिखा हुआ लाओ, कि तुम ये काम करती हो. आता मी पंधरा वर्सं झाले करून राहिली, पर लिवलेलं का हाये माह्याजवळ? तुमच्या पुस्तकात आलं तं मले दाखवता येईन.”

“येणारच, मावशी. मीच तर लिहून राहिलो.”

तिनं मग मन लावून सगळं सांगितलं. पहाटे चारला शेगडी कशी पेटते, तर्रीचा मसाला ती स्वतः कसा कुटते, पगाराच्या आधीच्या आठवड्यात कोण मजूर अर्धीच प्लेट मागतो. मी लिहून घेतलं. निघताना तिनं मला पुन्हा थांबवलं.

“पर सेक्टरातल्या घरांचं लिवू नोको हां बाबू. बायांले आवडत नाही. माहे गिऱ्हाईक जाईन.”

“नाही लिहीत,” मी म्हणालो.

आणि लिहिलं. घरी येऊन कागद पुढे घेतला तेव्हा मला वाटलं, याच्याशिवाय परिचयाला वजनच येत नाही. गुमटी काय, कोणीही टाकतं. पण सेक्टरातल्या शिकल्यासवरलेल्या घरांचा सण जिच्यावर चालतो ती खरी उद्योजक, असा माझा थोर विचार. शेवटचं वाक्य मी तीनदा घोटलं: ‘सेक्टर दहामधील बहुतेक मराठी घरांत दिवाळीचा फराळ याच माउलीच्या हातचा असतो, ही त्यांच्या गुणवत्तेची पावतीच होय.’ मला ते फार आवडलं होतं. माझ्यासारखा गाढव त्या वर्षी भिलाईत दुसरा नसेल.

कार्यकारिणीची बैठक रविवारी सकाळी आमच्याच घरी भरली. मी परिचय मोठ्यानं वाचले. मावशीचा परिचय सुरू झाला तसे लोक खरोखर ऐकू लागले, पहाटेच्या शेगडीवर तर एकानं ‘वा’ म्हटलं. मग ते शेवटचं वाक्य आलं. आई चहा घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली.

आधी खजिनदार बोलले. “आमच्याकडे तर सगळं घरीच होते.”

“आमच्याकडेही,” उपाध्यक्ष म्हणाले.

“आमच्या हिला तर बाहेरचं चालतच नाही,” तिसरे म्हणाले.

एकामागून एक कार्यकारिणीतल्या सहाही जणांनी तेच सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं की मागच्या दाराची भानगड फक्त आपल्याच घरात आहे आणि या पोरानं नेमकी तीच चव्हाट्यावर आणली. बाकीच्यांकडे बघायचं धैर्य कोणालाच नव्हतं. मला आजही ते चेहरे आठवले की हसू येतं आणि मग किळस येते. चकलीवरून एवढी घाबरलेली माणसं प्लांटातल्या हजारो लोकांच्या फायली सांभाळत होती.

वडील म्हणाले, “तेवढी ओळ काढून टाकू.”

“ओळ कशाले? अख्खं नावच काढा,” खजिनदार म्हणाले. “गेटवर ठेला लावते ती. भोपाळच्या साहेबासमोर ठेलेवाली ठेवता का? इज्जत का राहील आपली?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. इज्जतीचा मुद्दा आल्यावर त्यांना फारच हलकं वाटलं. ‘तिला दुकानासाठी हे लागणार आहे’ एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कागद त्यांनी घेतले, आणि मी चहाचे कप उचलले.

स्मरणिका नागपूरला छापली. कार्यक्रमाच्या दिवशी मी ती पहिल्यांदा उघडली. परिचयांच्या पानावर विमा एजंट होते, बायकोच्या नावाची फर्म होती, आणि त्यांच्याखाली खजिनदारांच्या पत्नी. ‘महिला गृहउद्योग’ असं वर लिहिलेलं. पुढे माझीच वाक्यं. पहाटे चारला शेगडी पेटते. मसाला स्वतःच्या हातानं कुटला जातो. पंधरा वर्षांचा अखंड उद्योग. फक्त गुमटी, गेट आणि ती शेवटची ओळ तेवढी गाळली होती. सकाळी आठच्या आधी खजिनदारांच्या घराचा पडदा कोणी उघडलेला पाहिला नव्हता.

मी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “परिच्छेद चांगला होता. वाया कशाला घालवायचा? त्यांना नव्या मार्केटातलं दुकान पाहिजे आहे.”

म्हणजे खजिनदारांनाही त्या दुकानांची खबर होती. मला वाटतं ती बैठकीच्या आधीपासूनच होती, पण हे मी कधी सिद्ध करू शकलो नाही.

साहेबांनी भाषण ठोकलं. मराठी माणसानं उद्योगात उतरलं पाहिजे, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. खजिनदारांच्या पत्नींना शाल दिली. नंतरचा अल्पोपाहार मावशीकडचाच होता, कारण तेवढ्या लोकांचं करणं दुसऱ्या कोणाच्या बसची बात नव्हती. हॉलच्या मागच्या बाजूला ती आलूगुंडे तळत होती. मी गेलो तशी तिनं झारा टेकवला.

“आलं का बाबू छापून?”

“पुढच्या अंकात येणार आहे, मावशी. जागा कमी पडली.”

“पुढचा अंक कधी येते?”

“येईल लवकरच,” मी म्हणालो. असा काही अंक निघणार नव्हता. तिनं मान हलवली आणि मला एका पानावर दोन गरम आलूगुंडे ठेवून दिले. मी ते खाल्ले. चांगले झाले होते.

दुकान खजिनदारांच्या पत्नींना मिळालं. अर्जाला स्मरणिका आणि वडिलांच्या सहीचं मंडळाचं पत्र जोडलं होतं. छानशी पाटी लागली, पांढरी टाइल बसली, आणि ज्या बायका मागच्या दारानं डबे घेत त्या आता पुढून येऊन खरेदी करू लागल्या. विकणारी आपल्यातली होती ना, आता त्यात कमीपणा नव्हता. गुमटी तिसऱ्यांदा उचलली गेली ती परत आली नाही. वर्षभरानं मी त्या दुकानात चिवडा घ्यायला गेलो. चव ओळखीची वाटली म्हणून आत डोकावलो, तर मागच्या खोलीत कढईपुढे मावशी. पगारावर.

तिनं मला पाहिलं आणि हात पुसत बाहेर आली.

“ते तूनं लिवलं होतं म्हणे,” ती म्हणाली. “मालकीन गिऱ्हाईकाले वाचून दाखवते. बेस लिवलं बाबू. शेगडीचं तं अगदी खरं हाये.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ती आवाज खाली करून म्हणाली, “स्मृती नगरकडं आजून एक मार्केट बनून राहिलं. मले तसाच एक कागद लिवून दे नं. आता माह्या नावानं. मंडळाचा शिक्का मारून देशीन, बाप सेक्रेटरी हाये तुहा.”

“देतो,” मी म्हणालो.

शिक्का आमच्याच घरी, वडिलांच्या कपाटात होता. एका दुपारचं काम होतं. पण तीच शेगडी, तोच मसाला, तीच पंधरा वर्षं दोन वेगळ्या बायांच्या नावानं एकाच ऑफिसात गेली असती, तर विचारणा झाली असती, आणि पहिल्या कागदावर सही वडिलांची होती. मी आज-उद्या करत राहिलो. तारीख निघून गेली. त्यानंतर दुकानासमोरून जायचं झालं की मी सायकल पलीकडच्या रस्त्यानं घ्यायचो. ज्यांची मी इतका वेळ टिंगल केली, त्या सहा जणांत सातवा मी.

आता हे लिहिताना मला वाटलं, निदान इथे तरी तिचं नाव घालावं. घातलंही. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. नावावरून दुकान कळेल, दुकानावरून खजिनदार, आणि खजिनदारांवरून वडील. खजिनदार आता नाहीत, वडीलही नाहीत. मावशी आहे, कॅम्प-१ मध्येच. तरी मी ते नाव खोडलं.