मंगलच्या बोटातली माझी साखर

गळ्याशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे. म्हणजे एक जागा सोडून. तीही घडलीच म्हणा, पण मी सांगतो तशी नाही. शेवटी कबूल करीन. तोवर चहा घ्या. माझा बिनसाखरेचा.

मला साखर निघाली तेव्हा मी काही फारसा गंभीर झालो नाही. थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा कापावा लागला तेव्हा झालो. त्यालाही साखरच, जखम झालेली कळलीच नव्हती हो. मग सिडकोतल्या आमच्या दवाखान्याने मधुमेहाचा रविवारचा वर्ग काढला, त्यात मुकाट्याने नाव घातलं. अट एकच, सोबत घरचं माणूस आणायचं. "आजार एकाचा असतो, पण स्वयंपाक सगळ्यांचा असतो," असं तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या.

सोबत आली माझी बायको, मंगल. वाटेत मिसळीचं दुकान लागतं म्हणून तिने पहिल्याच रविवारी रिक्षा दुसऱ्या रस्त्याने न्यायला लावली. नाशकात रविवारी मिसळ चुकवणारा माणूस किती खचलेला असतो, तुम्हीच विचार करा.

वर्गात शिकवलं की रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, साखर बघायची, आकडा वहीत लिहायचा. मशीनही दिलं, आणि रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या, दिवसाला एक. वर बजावलं, "काका, आकडे मनाने लिहू नका. मशीनच्या पोटात सगळे राहतात."

आता माझी अडचण अशी की मी सुईला भितो. शाळेत लस टोचायला आलेल्या नर्सबाई रिटायर झाल्या, मी अजून त्यांना सापडलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलला म्हटलं, "घरच्या माणसालाही टोचता आलं पाहिजे म्हणे. आधी स्वतःवर शीक."

"माझ्यावर कशाला?"

"सराव गं."

तिने बोट पुढे केलं, टोचलं, आणि म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं झालं. आणा तुमचं बोट."

"आजची पट्टी संपली. दिवसाला एकच."

मशीनवर आकडा आला दोनशे बारा. मंगलचा! लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, ही बाई तापानेसुद्धा कधी आडवी पडली नाही. म्हटलं, मशीन नवं आहे, बसेल हळूहळू. मंगलला चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही.

"किती आलं हो?"

"चांगलं आलं," मी म्हणालो, आणि वहीत माझ्या नावाखाली दोनशे बारा लिहून टाकले.

असे चौदा दिवस. रोज ती म्हणायची, "आज तुमचं बोट." रोज मी म्हणायचो, "तुझा हात अजून बसला नाही."

पथ्य मात्र मी कडक पाळलं, ते नाकारू नका. निफाडहून बहिणीने द्राक्षं पाठवली. मी मोजून दहा खाल्ली आणि वाडगा मंगलकडे सरकवला. "संपव गं, वाया जातील." शेजारच्यांचं श्रीखंड आलं, तेही तिच्याकडेच. आपल्या त्यागाचं मला कौतुक वाटे. ती संध्याकाळी बादलीत पाय घालून बसायची. आग होते म्हणायची. मी म्हणायचो, "दिवसभर उभी असतेस, म्हणून."

तिसऱ्या रविवारी मॅडमनी वही उघडली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

"काका, पथ्य पाळता ना?"

"हिलाच विचारा."

"मग गोळी पुरत नाहीये. डॉक्टरांना वाढवायला सांगते."

त्या दिवशी धडा होता एकमेकांचे पाय तपासायचा. मंगलने माझा मोजा काढला, एकेक बोट दाबून पाहिलं. मॅडमनी सहज विचारलं, "काकू, तुमचे पाय कसे आहेत?"

"आग होते जरा. मुंग्या येतात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. डोळ्यासमोर भावाचा पाय आला. मी एका पायात मोजा, एक पाय उघडा, तसाच उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मॅडम, हे आकडे माझे नाहीत. हिचे आहेत. मी भित्रा आहे."

मंगलची नीट तपासणी झाली. साखरच निघाली. वेळेत कळलं, आता सांभाळलं तर पाय टिकतील, असं डॉक्टर म्हणाले.

आता ती एक जागा. मी उभा राहिलो, हे खोटं. मी खाली मान घालून दुसरा मोजा शोधत होतो. उभी राहिली मंगल. पर्समधून चष्मा काढून वही पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, यांची गोळी वाढवू नका. हे चौदाच्या चौदा आकडे माझे आहेत."

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेलात, मी चष्मा घालून मशीन आणि वही ताडून पाहिली."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

मी रिक्षावाल्याला मिसळीच्या दुकानाचा रस्ता सोडायला सांगितलं. हे मात्र शंभर टक्के खरं.

आता रोज सकाळी दोन पट्ट्या लागतात. द्राक्षं दोघांनाही मोजून. पहिलं बोट माझं, आणि टोचते ती. टोचून झालं की मशीन माझ्या हातात देते आणि विचारते, "किती आलं हो?"

चष्मा घालून विचारते.