देव्हाऱ्यातला अर्धा दिनार

माझे जुने वाचक जाणतात, माझा विश्वास सहजासहजी कशावर बसत नाही. हॉटेलच्या 'सी व्ह्यू'वर नाही, टूरवाल्यांच्या 'सगळं पॅकेजमध्ये आहे'वर नाही आणि नवऱ्याच्या 'पासपोर्ट घेतलाय मी'वर तर मुळीच नाही. त्यामुळे माझी धाकटी बहीण वृंदा फोनवर म्हणाली, "ताई, जानेवारीत ये बहरीनला, हवा छान असते," तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. इतकी वर्षं 'ये ये' नुसतं तोंडदेखलं चालायचं. आत्ताच काय झालं?

खोदून विचारल्यावर कळलं. तिच्या नवऱ्याचा, शिरीषरावांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि या खेपेला कागद कुठेतरी अडकून पडला होता. नूतनीकरण झालं नाही तर नोकरी गेली, घर गेलं आणि मुलीची, सईची शाळा ऐन दहावीच्या तोंडावर सुटली. शिरीषराव जेवत नव्हते, कुणाशी धड बोलत नव्हते. वृंदाला घरात आपलं माणूस हवं होतं. मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. व्हिजिट व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून थेट विमान आहे, चार तासांच्या आतबाहेर. एक दिनार म्हणजे दोनशेच्या वर रुपये, त्यामुळे दिनाराखालचे 'फिल्स' किरकोळ समजून उधळू नका, मनातल्या मनात गुणाकार करत राहा. टॅक्सीवाला मीटर बिघडलाय म्हणाला तर गोड हसून उतरा. आणि संध्याकाळसाठी स्वेटर न्या, आखातात कसली थंडी म्हणून मी हसले होते आणि नंतर वृंदाची शाल पांघरून फिरले.

विमानतळावरून घरी जातानाच शिरीषरावांनी नियम सांगितले. "ताई, पोलिसांचे फोटो नाही. सरकारी इमारतींचे नाही. आणि ब्लॉगवर राजकारण नाही."

"किल्ल्याचे चालतील?"

"किल्ल्याचे हवे तेवढे काढा."

म्हणून पहिला दिवस किल्ल्याचा. समुद्राला लागून, मातकट रंगाचा, ऐसपैस. संध्याकाळची उन्हं तिरपी झाल्यावर जा, भिंती फार सुंदर दिसतात. तिथून राजधानी मनामाच्या जुन्या बाजारात. मसाले, अत्तरं, सोनं, आणि गल्लीत आत कृष्णाचं जुनं मंदिर, तिथे घंटा वाजली की गुजराती, सिंधी, मराठी सगळे एका रांगेत. कोपऱ्यावर करक मिळतो, म्हणजे दुधाचा कडक आटवलेला चहा, शंभर-दीडशे फिल्सला. बाकड्यावर दोन म्हातारे अरबीत तावातावाने बोलत होते. मी शेजारी टेकले आणि दोघे गप्प झाले. मी हसले. ते हसले. बोलले मात्र नाहीत. मी उठून दहा पावलं गेल्यावर पुन्हा सुरू झाले. आपण इतके संशयास्पद दिसतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

येताना गाडी एका मोठ्या चौकातून गेली. इथे एक गोल सर्कल होतं हे मी घरून वाचून आले होते. मधोमध शिडांसारखे सहा उंच खांब आणि त्यांनी वर उचलून धरलेला एक मोती. अरब देशांत ठिकठिकाणी लोक आपल्या राजांविरुद्ध, हुकूमशहांविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्या २०११ साली इथेही हजारो माणसं याच सर्कलवर तंबू ठोकून बसली होती. आम्हाला आमचं सरकार निवडू द्या म्हणत होती. मग बंदुका आल्या, शेजारच्या देशाचं सैन्य पुलावरून आलं, माणसं हटवली आणि पाठोपाठ तो मोतीही पाडून टाकला.

"इथेच ना ते मोत्याचं सर्कल होतं?" मी विचारलं.

"सिग्नल आहे," शिरीषराव म्हणाले.

"हो, पण आधी?"

"ताई, सीटबेल्ट लावा."

बेल्ट लावलेलाच होता. मी वृंदाकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती. मागे सई कानात इयरफोन घालून बसली होती. ती चौदा वर्षांची आहे, मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शिरीषराव मीना सलमान बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये कामाला गेले, सई शाळेत. मी वृंदाच्या देव्हाऱ्याची पूजा केली. इवलासा सागवानी देव्हारा, त्यात आमच्या अलिबागच्या घरचा बाळकृष्ण. पुसायला त्याला उचललं तर खाली लाल कापडाची घडी, आणि घडीत एक नाणं. बाहेर एक रंग, आत दुसरा. आत सहा खांब आणि मोती. मला तर भलतंच आवडलं. बाळकृष्णासमोर ते ठेवलं, दोन जास्वंदी वाहिल्या आणि फोटो काढला. परदेशातला देव्हारा दिसला की आपण बायका दुसरं काय करतो? 'बहरीनमधला आमचा बाळकृष्ण' असं लिहून ब्लॉगच्या पानावर टाकला. लगेच हात जोडलेली चित्रं यायला लागली.

अर्ध्या तासात शिरीषरावांचा फोन. "ताई, काढून टाका तो फोटो. आत्ता. फोन ठेवू नका, आधी काढा."

काढला. दुपारी ते लवकर घरी आले, बूटसुद्धा न काढता आत आले.

"कोणी कोणी पाहिला?"

"अहो, सगळ्या पुण्यातल्या बायका आहेत."

"त्यांत दुसरं कोणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

जन्मभर दुसऱ्यांवर शंका घेणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं. 

"पण ते नाणं बाळगणं गुन्हा आहे का?" मी विचारलं.

"सर्कल पाडल्यावर चलनातून काढून घेतलं ते. घरात ठेवणं गुन्हा आहे की नाही, माहीत नाही. विचारायचं कुणाला? विचारणारा कोण, हे आधी बघतील."

खरं सांगते, मला ते पटेना. नाण्याला इतका घाबरणारा माणूस मी पाहिला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं. "वृंदा, हे आलं कुठून?" मी बहिणीला विचारलं.

ते तिने आनंदाने सांगितलं. सईचा जन्म २०११च्या त्याच धामधुमीतला. सकाळी कळा सुरू झाल्या आणि रस्ते बंद. नाक्यानाक्यावर रणगाडे. शिरीषरावांबरोबर वर्कशॉपमध्ये काम करणारा हसन, इथलाच माणूस, आपली गाडी घेऊन आला. (नावं सगळ्यांचीच बदललीत. गावही बदललंय. कमेंटमध्ये अंदाज बांधू नका.) खेड्यांतल्या आतल्या वाटा त्याला पाठ होत्या. दोन ठिकाणी सैनिकांनी त्याला उतरवून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तरी त्याने वृंदाला दवाखान्यात पोचवलं आणि दुपारपर्यंत बाहेर थांबला. बाळ दाखवल्यावर नुसताच बघत राहिला, तेव्हा वृंदा त्याला हिंदीत म्हणाली, "भाई, हमारे में बच्चे का मुँह पहली बार देखते हैं तो हाथ पे कुछ रखते हैं." त्याने खिसे चाचपले. अर्ध्या दिनाराचं तेवढं एक नाणं निघालं. ते त्याने सईच्या मुठीत ठेवलं.

"मग हसन कुठे आहे आता?" मी विचारलं.

वृंदा म्हणाली, "नोकरी सोडली ना त्याने. नंतर."

शिरीषराव बूट काढत होते. ते बुटांकडेच बघत म्हणाले, "सोडली नाही. काढलं त्याला."

त्या दंग्यानंतर कंपनीत चौकशी बसली होती, सर्कलवर कोण कोण गेलं होतं याची. हसनने सांगितलं, त्या दिवशी मी नव्हतो, सहकाऱ्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी शिरीषरावांना बोलावलं. टेबलापलीकडे तीन माणसं, त्यांतला एक कंपनीचा नव्हता. विचारलं, तुम्ही कसे गेलात दवाखान्यात?

"मी म्हटलं, टॅक्सीने."

वृंदा उभी होती ती खाली बसली.

"बाळ आठवड्याचं होतं, वृंदा. त्याच्याबरोबर माझं नाव जोडलं गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं आपल्याला." नंतर हसन काही महिने आत होता म्हणे. आता मआमीरसारख्या एका गावापाशी, कारखान्यांच्या रस्त्याला, पिकअप लावून मासे विकतो. शिरीषराव वर्कशॉपमधून साइटवर जाताना रोज त्याच्यासमोरून जातात. रोज मान दुसरीकडे.

मला त्यांचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मी काय वेगळं केलं असतं? वृंदाने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाणं देवात ठेवलं मी," ती म्हणाली, "आणि माणसाला तुम्ही असं केलंत. उद्या शुक्रवार आहे, सुट्टी. जायचं."

"व्हिसा अडकलाय, वृंदा."

"अडकू दे."

शुक्रवारी सकाळी निघालो. सईला सगळं सांगितलं होतं. त्या भागाला तेलाचा आणि गंधकाचा मिळून एक वास आहे, काच बंद ठेवली तरी येतो. प्रवासी इथे येत नाहीत, यावं असंही मी म्हणणार नाही. शिरीषराव सारखे आरशात बघत होते. मागे एक पांढरी गाडी होती, मग मीही वळून वळून बघायला लागले. ती एका मशिदीकडे वळली तेव्हा आम्ही तिघा मोठ्यांनी एकदमच श्वास सोडला.

रस्त्याकडेला निळा पिकअप. बर्फावर साफी, हमूर, कोळंबी. मागे पिकल्या दाढीचा, रुंद खांद्याचा माणूस. कुणाला काही सुचेना, तेव्हा मी पुढे झाले आणि माशाचे कल्ले उघडून बघितले. अलिबागची आहे, बर्फातल्या माशावर तर माझा अजिबात विश्वास नाही.

"ताज़ा है, अम्मा. सुबह का है," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मासे खरंच ताजे होते. मग त्याची नजर माझ्यामागे गेली. हातातला सुरा थांबला. त्याने आधी रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला.

"किसने भेजा?"

"कोणी नाही... किसीने नहीं, हसनभाई," शिरीषराव म्हणाले.  "मैं माफ़ी माँगने आया हूँ. उस दिन आपने मेरी बीवी को..."

"मैं नहीं," हसन म्हणाला. "आप लोग टैक्सी से गया था."

तो हे रागाने म्हणाला की आम्हाला वाचवायला, मला आजही सांगता येणार नाही. चेहरा कोराच होता. शिरीषरावांनी तोंड उघडलं तर त्याने बोट हलवलं. "खलास. टैक्सी से गया. पेपर में लिखा है. वो ही ठीक."

त्याने साफी तोलले, साफ केले, पिशवीत भरले. वृंदाने पैसे दिले, त्याने मोजून सुटे परत केले. व्यवहार संपला. आम्ही गाडीकडे वळलो तेव्हा त्याने हाक मारली. "यल्ला, बच्ची. इधर."

सई गेली. त्याने हात फडक्याला पुसले, छातीच्या खिशातून अर्ध्या दिनाराची नोट काढली. "हाथ खोलो." तिने तळवा पुढे केला, त्याने वरूनच नोट ठेवली.

"पहली बार देखता है ना तुमको," तो म्हणाला. "इसलिए."

आणि पाठ फिरवून बर्फ सारखा करायला लागला.

गाडी निघाली. मग सई म्हणाली, "मावशी, बट ही सेड ही नेव्हर सॉ मी बिफोर. देन हू टोल्ड हिम अवर कस्टम?" वृंदा तोंडाला पदर लावून रडत होती. शिरीषरावांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. या वेळी त्यांनी आरशात पाहिलं नाही.

साफी तव्यावर परतून खाल्ले. काटे बारीक, चव आपल्या समुद्रातल्या मांदेलीच्या जवळची, पण गोडसर. बहरीनला गेलात तर जरूर खा. कुठल्या पिकअपवर, ते मी सांगणार नाही.

पुण्यात परत आले. किल्ला, बाजार, समुद्र यांचे ढीगभर फोटो आहेत, खाली जोडलेत. शुक्रवारचा एकही नाही. शिरीषरावांचा व्हिसा हे लिहीपर्यंत तरी आलेला नाही. येईल की नाही, आणि न येण्याला माझा फोटो कारण असेल का, हे कुणालाच माहीत नाही, आणि मी रात्रीची उठून माझ्या वाचकांच्या यादीतली अनोळखी नावं बघत बसते. ही सवय मी तिकडून घेऊन आले.

काल वृंदाचा फोन आला होता. म्हणाली, शिरीषरावांनी लाल कापड काढून टाकलं. नाणं आणि नोट दोन्ही बाळकृष्णासमोर उघडी ठेवली आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. कोणी विचारलं तर सांगतात, मुलीचं तोंड पाहून एकाने दिलीत.

"एकाने दोन्ही?" मी विचारलं.

"हो. दोनदा पहिल्यांदा पाहिलं म्हणून सांगतात," वृंदा म्हणाली. "फोटो पाठवू का?"

"नको," म्हटलं. "राहू दे तिथेच."