भागोजींची गोळी आणि म्हशीचं दूध

पोलादपूरकडचे भागोजी उतेकर शिमग्याला पालखी खांद्यावर नाचवत. आता हात थरथरत आणि पाय उंबऱ्यातच अडत.

महाडचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. तुमचा डोपामीनचा निरोप तुटपुंजा निघतो. ही गोळी तो पुरवील."

महिना झाला, तरी पाय ढिम्म. डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा भागोजींची बायको राहीबाई म्हणाल्या, "येवढी उष्ण गोळी, दुधाबिगर कशी देऊ?"

"दुधातली प्रथिनं तिला मेंदूपर्यंत जाऊ देत नाहीत. रिकाम्या पोटी पाण्याबरोबर द्या."

"म्हंजे आपलीच म्हस आडवी आली गो!" भागोजी बायकोला म्हणाले.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या शिमग्याला भागोजींनी पाण्याबरोबर गोळी घेऊन पालखीला खांदा दिला. नाचवणं जमलं नाही, पण पाय कुठे अडला नाही. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकवून ते राहीबाईंना म्हणाले, "आता दे गो दूध."