नावं येईपर्यंत बसा

रिमोट माझ्या हातात होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि त्यात स्वतःला वाचवलं असं व्हायला नको.

एल्वीराबाई क्वेबेकमधल्या लव्हालच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या मेक्सिकोच्या, वय ऐंशीच्या पुढे. ‘बाई’ हे आम्हीच लावलेलं. त्या मला ‘वेसीनो’ म्हणायच्या, म्हणजे शेजारी. आमचं बोलणं फ्रेंचमध्ये चाले. दोघांचंही मोडकंच, त्यामुळे संकोच नव्हता. स्वभाव मुळात संतापी. बर्फ काढणाऱ्या गाडीवर राग, कोमट सूपवर राग. पण सगळ्यात मोठा राग सिनेमा संपता संपता उठणाऱ्यांवर. पडद्यावर नावं सुरू झाली आणि लोक कोट चढवू लागले की बाई खुर्चीत ताठ बसून मोठ्याने म्हणायच्या, “बसा! ती माणसं अजून गेलेली नाहीत, तुम्ही कुठे निघालात?”

त्याचं कारण मला उशिरा कळलं. तरुणपणी त्यांनी एका विनोदी सिनेमात काम केलं होतं. तिकडे तो अजून सणासुदीला टीव्हीवर लागतो. मंत्री येणार म्हणून एक गाव बँडपथक उभं करतं. पण गावात ना वाद्यं, ना वाजवणारे. बँडमास्तर झालेला नायक पुढे मोठा नट झाला. एल्वीराबाई त्याच्या घरची मोलकरीण. झांजा नाहीत म्हणून तिच्या हाती पातेल्यांची दोन झाकणं देतात, आणि ती दर वेळी चुकीच्या जागी वाजवते.

“म्हणजे सोपंच काम होतं,” मी एकदा म्हणालो.

बाई उसळल्या. “सोपं? बरोबर वेळेला कुणीही वाजवेल. चुकीच्या वेळेला नेमकं वाजवून दाखव! जरा इकडेतिकडे झालं तर कुणी हसत नाही. नुसता आवाज होतो.”

त्या सिनेमाच्या शेवटी एकेक नट पुढे येऊन वाकतो आणि खाली त्याचं नाव उमटतं. सगळ्यात शेवटी झाकणं घेऊन एल्वीरा. “पोस्टरवर मी नाही, मुलाखतीत मी नाही. लोक म्हणतात, ती झाकणवाली. माझं नाव फक्त तिथे आहे.”

२०१७च्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळात तो सिनेमा दाखवायचा घाट मी घातला. अध्यक्ष शिरीषराव म्हणाले, “अरे, स्पॅनिश? आपल्या लोकांना? बरं, सबटायटल्स आहेत ना? पण डिनर वेळेवर हं.” बाईंची अट एकच: सगळी नावं येईपर्यंत कुणी उठायचं नाही. मी शब्द दिला. मनातला बेत मी कुणालाही सांगितला नव्हता. बाईंचं नाव उमटलं की चित्र तिथेच थांबवायचं आणि म्हणायचं, बघा, या इथेच बसल्या आहेत!

लोक खदाखदा हसले. एरवी मराठी कार्यक्रमाला फोनमधून मान वर न करणारी पोरंसुद्धा. झाकणं वाजायच्या आधी बाईंचे ओठ अंधारात हलत होते. त्या अजून ताल मोजत होत्या. मग शेवट जवळ आला आणि मागे जेवणाच्या ट्रेंची झाकणं वाजू लागली.

“चला, संपला ना?” शिरीषराव ओरडले. “जेवण गार होतंय. बंद कर रे!”

पडद्यावर बँडमास्तर वाकत होता. मी बटण दाबलं. दिवे लागले, खुर्च्या सरकल्या, रांग लागली.

जेवणानंतर सांगू, असं मी स्वतःला समजावलं. बाई काळा झगा घालून, ब्रोच लावून भिंतीशी उभ्या होत्या. कमिटीच्या मीनलताई त्यांच्याजवळ आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “वॉशरूममध्ये पेपर टॉवेल संपलेत, प्लीज बघता का?” मी शेजारीच होतो. “अहो मीनलताई, त्या माझ्या गेस्ट आहेत,” असं मराठीत म्हणालो आणि हसलो. त्याही हसल्या. “अय्या, सॉरी! मला वाटलं हॉलच्या स्टाफपैकी.”

बाईंना मराठी येत नव्हतं. हसणं कळत होतं. “एवढ्या वर्षांनी पुन्हा मोलकरीण,” त्या म्हणाल्या. “तेव्हा निदान शेवटी नाव यायचं.” हातातला तिळगूळ टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शिरीषरावांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. “आपल्या नाटकात तिसरी घंटा झाली की कलाकारांची नावं घेतो ना आपण? एका वाक्यापुरत्या येणाऱ्या पोस्टमनचंही घेतो. मीच घेतो, माईकवर, आवाज लावून! आणि या बाईंचं नाव पुरीभाजीपुढे हलकं? माणूस काळा झगा घालून भिंतीशी उभा राहिला की तो स्टाफ?”

“अरे, चिडतोस काय? आधी सांगितलं असतंस तर पाच मिनिटं थांबलो असतो.”

सांगितलं नव्हतं, कारण त्या टाळ्यांतल्या थोड्या मला माझ्यासाठी हव्या होत्या. तरीही राग गेला नाही. आजही गेलेला नाही. फक्त तो कुणाकुणावर आहे ते नीट कळलं.

त्या दिवसापासून ‘वेसीनो’ बंद झालं आणि लिफ्टमध्ये परक्याला म्हणतात तसं ‘मिस्यू’ सुरू झालं. कितीदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

एक जुलैला निम्मं क्वेबेक घर बदलतं. रस्त्यात जिकडेतिकडे ट्रक आणि गाद्या. बाई हॅलिफॅक्सला मुलीकडे निघाल्या होत्या. मी खाली गेलो तेव्हा त्या खोक्यांच्या मध्ये उभ्या राहून सामान उचलणाऱ्यांवर खेकसत होत्या.

“मिस्यू, बाजूला व्हा. टेबल येतंय.”

मी बाजूला झालो नाही. मंडळातला माईकवरचा आवाज लावला आणि मराठीत सुरू केलं, “रसिकहो, आजचे कलाकार...” तो शेवट पुन्हा पुन्हा बघून मी सगळी नावं पाठ केली होती. बँडमास्तर. मंत्री. मंत्र्याची बायको. ढोलवाला. शब्द बाईंना कळत नव्हते, नावं कळत होती. ढोलवाल्याच्या नावाला त्यांनी मान हलवली, “बिचारा.” टेबल धरलेले दोघे तसेच खोळंबले. शेवटी मी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, तिकडच्या रीतीने आईकडच्या आडनावासकट.

बाई वाकल्या नाहीत. “वेळ चुकली तुझी, वेसीनो. तीही नेमकी नाही. नुसता आवाज झाला.”

“रिमोट माझ्या...” मी फ्रेंचमध्ये सुरू केलं. बाईंनी खोक्यातून पातेल्याची दोन झाकणं उचलली आणि माझ्या वाक्याच्या बरोब्बर मध्ये दाणकन वाजवली. टेबलवाले दोघे हसत सुटले.

“हे असं,” बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

नाद विरेपर्यंत मी थांबलो. मग राहिलेलं सांगितलं. “रिमोट माझ्या हातात होता. आणि त्यांनी तुम्हाला काम सांगितलं, तेव्हा मी हसलो. मला माफ करा, एल्वीराबाई.”