धुतलेलं माप

आज सकाळी गॅसवर दूध नासलं आणि तो आंबूस वास घरभर पसरला. मला दुष्काळातल्या उन्हाळ्याचा एक रविवार आठवला.

तेव्हा आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी चर्चमध्ये संदेशही मलाच द्यायचा होता. विषय मीच निवडलेला, वेळेचा सदुपयोग. आठ वाजता मी माप धुतलं, भरलेले कॅन गाडीसाठी बाहेर ठेवले, कुलूप लावलं आणि तेवढ्यात गोदामावशी किटली घेऊन आल्या. एका म्हशीवर घर चालवणारी बाई. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे.

"हिरीचं पाणी आटलं, भाऊ. म्हशीला पाजायला लई लांब गेलते. घ्या की तेवढं."

गाडी यायला अवकाश होता. पाच मिनिटांचं काम. पण अंगात पांढरा शर्ट, हातात बायबल. "मावशी, उपासनेला उशीर होतोय," म्हणालो आणि निघालो.

तासभर बोललो. लोकांनी माना डोलावल्या.

बाहेर आलो तर मावशी समोरच्या लिंबाखाली बसलेल्या. मी येऊन कुलूप उघडीन, या भरवशावर. गाडी केव्हाच गेली होती आणि किटलीतून हाच वास येत होता. आता त्या चिडतील, असं वाटलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "झाली का, भाऊ, देवाची भेट?"

किटलीकडे न बघता मी "हो" म्हणालो.